आपल्याच खाचरात सेंद्रिय खताची पारख : ठाणे जिल्ह्यातील भातशेतकऱ्यांसाठी प्रयोगपद्धती

मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ या तालुक्यांत भात पिकवणाऱ्यांना सेंद्रिय शेतीविषयी सल्ल्याची वानवा नाही. जीवामृत, गांडूळखत, हिरवळीचे खत, जिवाणू खते अशा प्रत्येक गोष्टीची शिफारस कोणी ना कोणी करतच असते. आपल्या उताराच्या, जोरदार पावसाच्या आणि आम्लधर्मी जमिनीत त्यांपैकी नेमके काय चालते, याचे उत्तर मात्र सहसा कोणाकडे नसते. ते उत्तर शेतकऱ्याला स्वतःच्या खाचरात मिळू शकते आणि त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. वजनकाटा, दोरी, वही आणि काही नियम कसोशीने पाळण्याची तयारी एवढ्यावर भागते. ते नियम कोणते आणि ते का पाळायचे, हे पुढे सविस्तर मांडले आहे.

संशोधनाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. स्वित्झर्लंडमधील थेरविल येथे १९७८ पासून सेंद्रिय आणि रासायनिक पद्धतींची शेजारी-शेजारी तुलना चालू आहे. तिचे २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. सेंद्रिय पिकांचे उत्पादन सरासरीने २० टक्के कमी आले. मात्र खते आणि ऊर्जा यांचा वापर ३४ ते ५३ टक्क्यांनी, तर कीडनाशकांचा वापर ९७ टक्क्यांनी कमी झाला. हे आकडे थंड हवामानातले आहेत आणि त्यांत भातपीक नाही, त्यामुळे ते जसेच्या तसे कोकणाला लावता येणार नाहीत. आपल्याला अधिक जवळचे काम रायगड जिल्ह्यातील कर्जत येथे होते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक संशोधन केंद्र तेथे आहे आणि २००४-०५ मध्ये सुरू झालेल्या सेंद्रिय शेतीच्या राष्ट्रीय संशोधन जाळ्यातही कर्जतचा समावेश आहे. तरीही कर्जतच्या प्रक्षेत्रावरचे खाचर आणि मुरबाड तालुक्यातील टोकावड्याजवळच्या उतारावरचे खाचर यांची माती, खोली आणि पाणी वेगळे असते, म्हणून केंद्राची शिफारस ही सुरुवात मानावी आणि तिची खातरजमा आपल्या जमिनीत करून घ्यावी.

एकच प्रश्न ठरवणे

एका हंगामात एकच प्रश्न तपासावा. शेणखत वाढवले, जीवामृत दिले, वाण बदलला आणि लावणीचे अंतरही बदलले, तर उत्पादन वाढल्यास त्याचे श्रेय कशाला द्यायचे हे कळणार नाही. प्रश्न शक्य तितका नेमका असावा. उदाहरणार्थ, दोन्हीकडे सारखेच शेणखत घालून एकीकडे गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला गुंठ्याला ३० किलो याप्रमाणे गाडला, तर भाताचे उत्पादन वाढते का? किंवा जीवामृत दिलेल्या खाचरात आणि तेवढेच साधे पाणी दिलेल्या खाचरात काही फरक दिसतो का?

जीवामृताचा प्रश्न तपासण्यासारखा का आहे, हे साध्या हिशोबाने कळते. २०० लिटर जीवामृतात साधारण १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ आणि २ किलो बेसन असते. या सगळ्यांतून मिळणारे नत्र फार तर काही शे ग्रॅम भरते, तर कोकणातील भाताला शिफारस केलेली नत्राची मात्रा हेक्टरी १०० किलो, म्हणजे एकरी ४० किलो आहे. एकराला २०० लिटर जीवामृत दिल्याने नत्राची गरज भागणार नाही, हे उघड आहे. त्याचा उपयोग होत असेल तर तो जिवाणूंच्या मार्फत होत असला पाहिजे, आणि तो परिणाम प्रत्येक जमिनीत सारखा असेल असे गृहीत धरता येत नाही. अशा निविष्ठेची शेजारी-शेजारी तुलना केल्याशिवाय तिच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुलनेसाठीचे नियंत्रण खाचर म्हणजे आपण एरवी करत आलो तीच पद्धत. जमीन सेंद्रिय प्रमाणीकरणाखाली असेल, तर रासायनिक खताचे खाचर नियंत्रण म्हणून ठेवता येणार नाही. तेथे चालू सेंद्रिय पद्धत हेच नियंत्रण आणि त्यात एका गोष्टीची भर हा प्रयोग, अशी मांडणी करावी.

खाचरांची जोडी लावणे

सगळ्यात अधिक विचार येथे करावा लागतो, कारण भातशेतीतील बहुतेक घरगुती प्रयोग याच पायरीवर फसतात. ठाणे जिल्ह्यात खाचरे उतारावर पायरी-पायरीने असतात. वरच्या खाचरातून सांडणारे पाणी खालच्या खाचरात उतरते आणि सोबत बारीक गाळ व विरघळलेली अन्नद्रव्ये घेऊन येते. त्यामुळे तळाचे खाचर मुळातच सुपीक असते आणि वरचे हलके. शेणखत वरच्या खाचरात टाकले आणि खालचे नियंत्रण म्हणून ठेवले, तर खतातला काही भाग नियंत्रणालाच मिळतो. उलट प्रयोगाचे खाचर खाली ठेवले, तर तळाच्या गाळाचे श्रेय खताला जाते.

म्हणून जोडी नेहमी एकाच पातळीवरच्या, शेजारच्या दोन खाचरांची करावी. तशी खाचरे नसतील, तर एकाच खाचराच्या मध्ये उताराच्या दिशेने बांध घालून त्याचे दोन भाग करावेत. हा बांध चिखलाने नीट दाबून घ्यावा, त्याची बिळे हंगामभर बुजवत राहावे आणि दोन्ही भागांना पाणी आत येण्याची व बाहेर जाण्याची स्वतंत्र वाट द्यावी. एका भागाचे पाणी दुसऱ्यात उतरत असेल, तर तो प्रयोग तेथेच सोडून द्यावा. वरच्या बाजूला शेजाऱ्याचे युरिया दिलेले खाचर असेल आणि त्याचे पाणी आपल्या एकाच भागात येत असेल, तर चर खणून ते बाजूने काढावे.

प्रत्येक भाग दोन ते तीन गुंठ्यांचा असला तरी पुरे. पण जोडी एकच असून चालत नाही. निदान चार आणि जमल्यास पाच जोड्या असाव्यात. त्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या पातळीवर पसरलेल्या असाव्यात, म्हणजे सगळ्या प्रकारची जमीन प्रयोगात येते. प्रत्येक जोडीत खत कोणत्या भागाला द्यायचे हे नाणे उडवून ठरवावे. आपल्या मनाने ठरवल्यास नकळत चांगली बाजू खताच्या वाट्याला जाते. एकाच गावातील पाच शेतकऱ्यांनी प्रत्येकी एक जोडी घेतली तरी चालते. किंबहुना तसे केलेले अधिक बरे, कारण मग उत्तर एका शेतापुरते राहत नाही.

रोपे, लावणी आणि खताचे मोजमाप

सर्व भागांसाठी रोपे एकाच रोपवाटिकेतली, एकाच वाणाची आणि एकाच वयाची हवीत. बियाणे ३ टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडवावे, वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत आणि उरलेले बी स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावे. आपल्याकडे अजून अनेक ठिकाणी राब भाजतात, म्हणजे रोपवाटिकेच्या जागेवर शेण व पालापाचोळा पसरून जाळतात. राबामुळे तणाचे बी मरते आणि राखेतून अन्नद्रव्ये मिळतात हे खरे, पण त्यात मातीत जाऊ शकणारे शेण आणि पालापाचोळा जळून जातो. गादीवाफा करून त्यात चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मिसळणे हा अधिक चांगला मार्ग आहे. राखेतील सिलिकामुळे रोपे कणखर होतात. रोपे राबावरची असोत वा गादीवाफ्यावरची, अर्धी एकीकडची आणि अर्धी दुसरीकडची असे मात्र करू नये. लावणी शक्यतो एकाच दिवशी करावी. ते जमले नाही, तर निदान एका जोडीचे दोन्ही भाग त्याच दिवशी, त्याच माणसांनी, चुडात सारखीच रोपे धरून लावावेत.

गिरिपुष्पाची शिफारस डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेल्या चारसूत्री भातपद्धतीतली आहे. त्यातील युरिया-डीएपी ब्रिकेटचे (रासायनिक खताच्या दाबून केलेल्या गोळ्यांचे) चौथे सूत्र सेंद्रिय शेतीत बसत नाही, पण पहिली तीन पूर्णपणे बसतात. लावणीच्या सुमारे आठवडाभर आधी कोवळ्या फांद्या गुंठ्याला ३० किलो हिरवा पाला होईल अशा बेताने खाचरात पसराव्यात. पाने गळली की काटक्या उचलून घ्याव्यात आणि मग चिखलणी करावी. यातून हेक्टरी साधारण १० ते १५ किलो नत्र मिळते. ही मात्रा मोठी नाही, म्हणून पाल्याकडे शेणखताला जोड म्हणून पाहावे. पाला प्रत्यक्ष काट्यावर तोलावा; 'दोन भारे टाकले' ही नोंद पुढच्या वर्षी निरुपयोगी ठरते.

शेणखताच्या बाबतीत वजनापेक्षा त्यातले पाणी अधिक फसवते. उघड्या उकिरड्यावर पावसाने भिजलेले खत आणि झाकलेल्या खड्ड्यातले खत यांत निम्म्याचा फरक पडू शकतो. एक किलो खत पातळ पसरून चांगल्या उन्हात पूर्ण वाळवावे आणि पुन्हा तोलावे. ६०० ग्रॅम उरले, तर ४०० ग्रॅम पाणी होते असे समजून सगळ्या भागांना सुक्या वजनाच्या हिशोबाने सारखे खत द्यावे. हे काम मे महिन्यातच उरकावे लागते.

येथे हवामानाशी संबंधित एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. साचलेल्या पाण्याखालच्या चिखलात ताजा पेंढा किंवा न कुजलेले शेण गाडले, तर प्राणवायूअभावी त्यातून मिथेन वायू तयार होतो आणि तो हवेत जातो. पूर्ण कुजलेल्या खतातून तो बराच कमी निघतो. पाणी नियंत्रणात असेल तेथे खाचर आलटून-पालटून भिजवणे व सुकू देणे हाही मिथेन कमी करण्याचा सिद्ध झालेला मार्ग आहे. कोकणात जुलैमध्ये हे आपल्या हाती नसते, पण पावसाने उघडीप दिली की फुटव्यांच्या काळात काही दिवस पाणी काढून टाकणे अनेक ठिकाणी शक्य असते. सेंद्रिय म्हणजे आपोआप हवामानाला हितकारक असे समजू नये. खत कुजवून घालणे हा त्या हिताचा अत्यावश्यक भाग आहे.

माती कशी तपासावी

मातीचा नमुना दरवर्षी त्याच महिन्यात घ्यावा. आपल्याकडे एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य हा काळ योग्य. प्रत्येक भागातून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा १५ सेंटिमीटर खोल खड्डा करून त्याच्या कडेची पातळ चीप काढावी. बांधाजवळची, झाडाखालची, राब भाजल्या जागेची आणि उकिरड्याजवळची माती घेऊ नये. सगळी माती घमेल्यात मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहावे. माती सावलीत वाळवावी. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत १२ घटक तपासले जातात. आपल्या प्रयोगासाठी त्यांतील सेंद्रिय कर्ब, सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप), स्फुरद आणि पालाश हे महत्त्वाचे. नमुने कोठे द्यायचे हे आपले सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) सांगतील.

नमुना देताना एक काळजी आवर्जून घ्यावी. एकाच मातीच्या दोन पिशव्या करून त्या वेगळ्या नावांनी पाठवाव्यात. दोन्ही अहवालांत कर्ब ०.१ टक्क्याने वेगळा आला, तर तेवढा फरक मोजणीतलाच आहे हे कळते आणि खताने कर्ब ०.१ टक्क्याने वाढवला असा दावा मग करता येत नाही. शिवाय दरवर्षीच्या नमुन्यातली थोडी माती कोरड्या बाटलीत तारीख घालून जपावी, म्हणजे पुढे शंका आल्यास जुनी आणि नवी माती एकाच वेळी, एकाच प्रयोगशाळेत तपासता येते.

कर्ब किती संथपणे वाढतो याचाही अंदाज असावा. एक हेक्टर जमिनीचा १५ सेंटिमीटर जाडीचा थर सुमारे २० लाख किलो भरतो. त्यात कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे २,००० किलो कर्ब मातीत टिकवायचा. १० टन ओलसर शेणखतात पाणी वगळता साधारण सव्वा ते दीड टन कर्ब असतो आणि त्यातला बराचसा जिवाणू वापरतात व तो वायुरूपाने निघून जातो. म्हणजे एका वर्षात अहवाल बदलला, तर त्याचे कारण खत नव्हे, नमुना किंवा मोजणी असण्याची शक्यता अधिक. कर्बाची तुलना तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी करावी. अहवालातील ०.५ टक्क्यांखाली कमी आणि ०.७५ टक्क्यांवर जास्त ही वर्गवारी कोकणात जपून वापरावी. येथील जांभ्या जमिनीत कर्ब बरेचदा मुळात जास्त दिसतो. खरी अडचण स्फुरदाची असते, कारण लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे ते धरून ठेवतात. अशा आम्ल जमिनीत खडकाळ स्फुरद (रॉक फॉस्फेट) हळूहळू विरघळते, म्हणून सेंद्रिय शेतकऱ्यासाठी तो चांगला पर्याय आहे.

प्रयोगशाळेशिवाय करण्याजोगी एक तपासणी अशी : कापणीनंतर वरच्या पाच सेंटिमीटरमधले बोराएवढे ढेकूळ सावलीत वाळवून पाण्याच्या ग्लासात अलगद सोडावे आणि ते विरघळायला किती वेळ लागतो ते पाहावे. प्रत्येक भागातली दहा ढेकळे आणि तुलनेसाठी न नांगरलेल्या बांधावरची दहा ढेकळे घ्यावीत. चिखलणीने मातीची घडण मोडते, म्हणून खाचराचे ढेकूळ बांधावरच्यापेक्षा लवकर विरघळणारच. प्रयोगाचा आणि नियंत्रणाचा भाग यांत फरक पडतो का, एवढेच येथे पाहायचे. भातानंतर ओलाव्यावर वाल घेणाऱ्यांना या घडणीचा फायदा वालाच्या पिकात अधिक स्पष्ट दिसेल, म्हणून वालाचेही वजन दोन्ही भागांत वेगळे नोंदवावे.

खाडीकाठच्या खारजमिनीत मे महिन्यात क्षारता तपासून घेतल्याशिवाय कोणताही प्रयोग सुरू करू नये आणि वाण पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या क्षार सहन करणाऱ्या वाणांतून निवडावा.

वाईट हंगामाची नोंद

हवामानाला तोंड देण्याची क्षमता सरासरी उत्पादनातून कळत नाही. ती वाईट वर्षी किती घट आली यातून कळते. मध्य भारतावर विस्तृत क्षेत्रात होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. आपल्याकडे २०१९ हे वर्ष पुरेसे बोलके आहे : जुलैअखेर उल्हास नदीला पूर आला, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसात कोकणात कापणीला आलेले व कापून पडलेले भात भिजले. अशा वर्षी पीक गेले म्हणून वही बंद करण्याची इच्छा होते. नेमक्या त्याच वर्षीची नोंद सगळ्यात मोलाची असते.

दारात पर्जन्यमापक लावून रोज सकाळी त्याच वेळी पाऊस नोंदवावा. प्रत्येक भागात रोप किती दिवस पाण्याखाली होते, उघडिपीत पाणी आटल्यापासून पहिली भेग पडायला किती दिवस लागले, वाऱ्या-पावसात किती भाग आडवा झाला आणि करपा किंवा खोडकिडा कोठे अधिक होता, हे तारखेसह लिहावे. मजुरीचे तासही लिहावेत, कारण पाला तोडण्या-वाहण्याचा खर्च वाढीव भातापेक्षा जास्त असेल तर तो निष्कर्षही तितकाच महत्त्वाचा आहे.

कापणी आणि निष्कर्ष

कापणीच्या वेळी प्रत्येक भागात कडेच्या ओळी सोडून मधोमध ५ मीटर लांब व ५ मीटर रुंद चौकोन आखावा. चारी बाजू ५ मीटर असून कर्ण ७.०७ मीटर भरला, म्हणजे चौकोन काटकोनात आहे. हा भाग वेगळा कापून, वेगळा झोडून आणि उफणून दाणे तोलावेत, पेंढाही तोलावा. दाण्यांतील ओलावा मापकाने तपासून १४ टक्क्यांवर आणावा. समजा १२ किलो भात २० टक्के ओलाव्याचे आहे : १२ ला ८० ने गुणून ८६ ने भागल्यास ११.१६ किलो येतात, आणि त्यांना ४०० ने गुणले की हेक्टरी सुमारे ४,४६५ किलो उत्पादन मिळते.

त्यानंतर प्रत्येक जोडीतला फरक वेगळा काढावा. सगळ्या प्रयोगाच्या खाचरांची एक आणि सगळ्या नियंत्रणाची एक अशी सरासरी आधीच काढून टाकू नये. पाचही जोड्यांत प्रयोगाचा भाग वरचढ ठरला, तर निव्वळ योगायोगाने तसे होण्याची शक्यता ३२ मध्ये एक असते, आणि या निष्कर्षावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. तीन जोड्या एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला गेल्या, तर सरासरी कितीही आकर्षक असली तरी फरक सिद्ध झाला असे म्हणू नये. फक्त वरच्या हलक्या खाचरांत फायदा आणि तळाच्या खाचरांत काहीच नाही, असे चित्र दिसले तर पुढच्या हंगामात तेवढाच प्रश्न घेऊन हलक्या खाचरांत पाच जोड्या लावाव्यात आणि कमी पडणारे खत आधी तेथे द्यावे. खताचे भाग दरवर्षी बदलू नयेत; ज्या भागाला पहिल्या वर्षी खत मिळाले त्यालाच पुढची निदान तीन वर्षे ते मिळाले पाहिजे, कारण शेणखतातील नत्राचा मोठा हिस्सा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पिकाला मिळतो. खाचरांचा नकाशा, नाण्याचा कौल, पावसाची नोंद आणि जोडीनिहाय वजने एवढे कागद घेऊन कर्जतच्या केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात गेल्यास तेथील तज्ज्ञांना नेमका सल्ला देता येतो; मे महिन्याच्या आधी ही भेट झाली, तर तो सल्ला त्याच वर्षीच्या आखणीत धरता येतो.